कड्यावरच्या चपला

१

गुरुदादाच्या चपला महादेवगड पॉइंटच्या कठड्याशी नीट जोडून ठेवलेल्या सापडल्या, आणि गुरुदादा सापडला नाही.

पुष्करचा फोन आला तेव्हा मी कसालच्या बाजारात नारळ घेत होते. "आत्या, बाबा खंय दिसनत नाय. चपला आसत, बाबा नाय," एवढंच तो दोनदा बोलला आणि रडायला लागला. माझा हा भाचा तालुक्याच्या शाळेत गणित शिकवतो. त्याला रडताना मी लहानपणीसुद्धा ऐकलं नव्हतं. सगळी संध्याकाळ फोनवर गेली. वाटलं, रात्रीपर्यंत तरी कुणी म्हणेल की सापडला. कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी आंबोलीला गेले.

ही मंडळी मार्गशीर्षात डोंगरावर सहलीला का गेली, ते सांगायला हवं. मसुऱ्याच्या पलीकडे सातेरवणे हे आमचं माहेरगाव. तिथे दर काही वर्षांनी गावपळण असते. देवाने कौल दिला की अख्खं गाव घरांना कड्या घालून वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, एकही जीव मागे ठेवायचा नाही. चुली विझवायच्या, विजेचे मेन स्विच बंद करायचे. तीन दिवस गाव देवाच्या ताब्यात. चौथ्या सकाळी पुन्हा कौल घ्यायचा आणि ढोल वाजवत परत जायचं. तोवर वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही, मग घरात सोन्याची लंका राहिलेली असो.

बाकीचा गाव नदीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी बांधून राहतो, आणि खरं सांगायचं तर मजेत राहतो. पण गुरुदादाला मधुमेह, वय झालेलं, रात्री थंडी. म्हणून सूनबाई रियाने ठरवलं की हे तीन दिवस आंबोलीला काढायचे. हवा पालटेल, हिरण्यकेशीचं दर्शन होईल, पॉइंट बघून होतील. धबधबा या दिवसांत दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो, तरी माणसं त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतातच. जीप रियाच्या भावाची, विनीतची. तो तोंडवलीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवतो.

गाव सुटायच्या आदल्या दिवशी पुष्करने गुरुदादाला माझ्याकडे कसालला आणून सोडलं होतं. तो रात्रभर कुरकुरत होता. "कपिलेक माझ्या हातान सोडूची होती गो. ह्येंनी माका आधीच हाडल्यानी." कपिला ही त्याची म्हातारी गाय. वहिनी गेल्यापासून तो तिच्याशी जास्त बोलायचा आणि आमच्याशी कमी. गाय विनीतच्या मांगरात, म्हणजे त्यांच्या माडाच्या बागेतल्या खोपटात जाणार होती. मी त्याला म्हटलं, गाय चार दिवस माहेरी चालली आहे असं समज आणि झोप. दुसऱ्या दिवशी पुष्कर, रिया आणि विनीत त्याला जीपमध्ये घेऊन आंबोलीला गेले.

२

पॉइंटवर पोचले तेव्हा बचाव पथकाची पोरं दोर लावून दरीत उतरली होती. वरून त्यांची डोकी दिसायची, मग धुकं यायचं आणि दिसेनाशी व्हायची. आम्ही नुसते उभे. ओरडून उपयोग नाही, खाली जाता येत नाही, घरी जाता येत नाही. बाजूला सहलीची एक बस रिकामी झाली होती. त्यातली माणसं कणसं खात दरीकडे पाठ करून फोटो काढत होती. त्यांचं काही चुकत नव्हतं, पण मला त्यांच्या हातातली कणसं हिसकावून घ्यावीशी वाटत होती.

तीस वर्षं मी कोर्टात साक्षी टंकल्या. माणूस कुठे थांबतो, कुठे घाईने बोलतो, हे बोटांना कळायला लागतं. दरीपुढे माझं काही चालणार नव्हतं. निदान माणसांना विचारावं म्हणून मी एकेकाला बाजूला घेतलं.

पुष्कर म्हणाला, "बाबा थंय बाकार बसलले. म्हणाले, तुमी फिरान येवा, माका चलवणा नाय. आमी फोटो काढूक पुढे गेलो. परत येवन बघतंव तर चपला." मग खाली बघत म्हणाला, "रात्री जेवले नाय ते. भिंतीकडे तोंड करून पडलले. मी विचारूक नाय, आत्या. कित्याक विचारूक नाय?"

रियाचे डोळे सुजले होते. तिच्या मांडीवर इन्सुलिनची थंड पिशवी होती, जणू ती खाली ठेवली तर सासरा मिळणारच नाही. "आत्यानू, ही सुई ते कधी विसरनत नाय. माका दम देवन मागून घेतत. काल सकाळी मागूकच नाय."

"घरी आणखी असते?"

"फ्रीजमध्ये असायची. पण मेन स्विच बंद करूचो होतो, म्हणून मी सगळी काढून हाडलंय. तेंका सांगूक विसरलंय."

विनीत जीपला टेकून उभा होता. तगडा, हसरा पोरगा, पण आज चेहरा उतरलेला. त्याने मला न विचारता भरपूर सांगितलं. म्हाताऱ्यांना चक्कर येते, कठडा बुटका आहे, दगडावर शेवाळ आहे. मी मध्येच विचारलं, "कपिला कशी आहे रे?"

"आसा की. बरी आसा. चारो खाता, पाणी पिता, काय एक त्रास नाय. आमच्या मांगरात आसा. बरी आसा."

एवढ्याशा प्रश्नाला एवढं उत्तर, आणि त्यात 'बरी आसा' दोनदा. बोटांना ते जाणवलं, पण डोकं दरीत अडकलं होतं. गायीची चौकशी करायची ही वेळ होती का!

३

पॉइंटच्या वाटेवर सीताबाईची टपरी आहे. चहा, कणसं, आवळे. पोलिसांनी तिला विचारलं होतं की कुणाला पडताना पाहिलंस का. तिने नाही म्हटलं आणि ते पुढे गेले.

मी चहा मागितला आणि विचारलं, "काल ते आजोबा काही घेऊन गेले का?"

"चाय नाय. पान-सुपारी मागल्यानी. मी इकत नाय, पण माझ्या चंचीतली दिलंय. म्हातारो माणूस, नाय कसा म्हणू?"

चहा तसाच ठेवून मी परत कठड्याशी आले. गुरुदादाच्या तोंडात चार दात. त्याने जन्मात पान खाल्लं नव्हतं, खाणाऱ्यांना तो चुलीची राख खा म्हणून सांगायचा. मग विडा कुणासाठी?

चपला जिथे होत्या तिथून दोन हात अलीकडे एक सपाट दगड होता. त्याच्या फटीत सुपारीचं खांड अडकलं होतं. पान वाऱ्याने किंवा माकडाने नेलं असेल. त्या दगडापाशी उभं राहिलं की समोर खाली सगळं कोकण पसरलेलं दिसतं, आणि हवा स्वच्छ असेल तर पार टोकाला समुद्राची रेघ. आमचा गाव त्याच बाजूला.

विडा ठेवून, गावाकडे तोंड करून माझ्या भावाने गाऱ्हाणं घातलं होतं.

आमच्याकडे गाऱ्हाणं काही मरायला जाताना घालत नाहीत. काही करायचं असेल, आणि ते देवाला आवडणार नसेल, तर आधी पदरात घे म्हणून सांगतात. आणि चपला? नवस बोलताना माणसं चपला सोडतात, तो फिटेपर्यंत अनवाणी राहतात. त्या तशा सोडलेल्या चपला होत्या. शिवाय दादाची काठी कुठेच नव्हती. सगळे म्हणत होते, काठी दरीत गेली. अहो, जीव द्यायला निघालेला माणूस चपला काढून ठेवील, पण काठी कशाला नेईल? काठी लागते ती चालायला.

तो चालत गेला होता. पण काय करायला, ते कळेना.

४

हॉटेलच्या खोलीत गुरुदादाची पिशवी तशीच होती. धोतर, चष्म्याचं घर, कानटोपी. मोबाइल त्याने कधी बाळगला नाही. मी अंथरूण झटकलं आणि उशीखालून काहीतरी खणकन वाजलं.

सुताची वेटोळी होती. दावं. त्याला गाठ मारलेली पितळी घंटा, एका बाजूने चेपलेली. ती चेपलेली बाजू मला ठाऊक होती. कपिलेने शिंग मारून ती गोठ्याच्या खांबावर आपटली, तेव्हा मी तिथे होते.

मी घंटा मुठीत दाबून धरली आणि तिघांना खोलीत बोलावलं. दार लावलं. मग मूठ सोडली.

घंटेचा आवाज ऐकताच विनीतने पुष्करकडे बघितलं. पुष्करने जमिनीकडे. रिया दोघांकडे बघत राहिली.

"गाय दाव्याने चालवत नेतात," मी म्हटलं. "दावं आणि घंटा इथे असेल तर गाय कुठे आहे?"

मीच बोलले. "ती गेलीच नाही. ती गोठ्यात आहे. आणि घंटा काढली ती माळावरच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून."

शेवटी विनीतने तोंड उघडलं. "ती उठाक नाय हो आत्यानू. गुडघो सुजललो. मी टेम्पो हाडललंय, दोगांनी उचलूक बघितलं, हलना नाय. गाव भायर पडा होतो. चारो घातलंय, पाण्याचो टोप भरून ठेवलंय. दावा जीपच्या सीटखाली टाकलंय. तेंका कसा गावला?"

"शाल काढताना," रिया हळूच म्हणाली. "तेंची शाल सीटखाली होती. तेंणी स्वतः काढून घेतल्यानी." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुमका ठावक होता?"

"गावाक सांगललंय तर पळण थांबली असती," पुष्कर म्हणाला. "आमच्यामुळे. सगळ्या गावान तोंडात शेण घातला असता. तीन दिवसांचो प्रश्न होतो, आत्या. मी काय करूचा होता?"

त्याने काय करायला हवं होतं, ते मला तरी कुठे माहीत होतं?

"तुम्ही कालपासून कुणाकुणाला फोन केलेत?"

त्याने नावं सांगितली. मसुरे, तोंडवली, कसाल, मुंबईचे चुलते, दादाचे जुने विद्यार्थीसुद्धा. एकच घर विचारायचं राहिलं होतं, त्याचं स्वतःचं. पळणीत कोणी आत जाईल हे आमच्या गावच्या माणसाच्या मनातच येत नाही. म्हणून दीड दिवस माणसं जीव धोक्यात घालून दरी शोधत होती आणि आम्ही कठड्याशी उभे होतो. मीही त्यातलीच.

"म्हणूनच त्याने सुई मागितली नाही," मी म्हटलं. "घरी फ्रीजमध्ये आहे असं त्याला वाटलं."

रियाने पिशवी छातीशी धरली आणि जीपकडे पळत सुटली.

५

घाट उतरताना मी पोलिसांना फोन लावला. ते म्हणाले, पथक वर बोलावून घेतो, पण आमची माणसं सगळी इथे आहेत, सकाळपर्यंत गावात कुणी पोचेल असं वाटत नाही. विनीतने जीप जमेल तेवढी पळवली. सावंतवाडीच्या स्टँडवरून जाताना मी बघितलं, अनवाणी म्हातारे तिथे पाच-सहा तरी बसले होते. एस.टी.त अनवाणी माणसाकडे कोण लक्ष देतं? आणि अंधार पडल्यावर वेस ओलांडली, तर माळावरून कुणाला दिसणार?

सातेरवण्याच्या वेशीशी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. माळावर खोपींपुढे चुली पेटल्या होत्या, कुणीतरी भजनाला पेटी काढली होती. वेस म्हणजे कमान वगैरे नाही, एक वडाचं झाड आणि शेंदूर लावलेला दगड. पलीकडे वाट, वाटेवर तिसरं घर आमचं. एरवी संध्याकाळी भांड्यांचे, टीव्हीचे आवाज येतात. आता एक पानही वाजत नव्हतं.

गावचे मानकरी धोंडूतात्या वडाखाली आले. मी त्यांना सांगितलं. गायीचं मात्र सांगितलं नाही. पुष्कर माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं, ते त्याने सांगावं.

"गुरुदास आत जावचो नाय," तात्या म्हणाले. "शाळा शिकवल्यान तरी देव मानणारो माणूस. तुजो कायतरी गैरसमज झालो, ऋता."

मी दादाला हाक मारली. आवाज घरापर्यंत जाऊन तसाच विरला. पुन्हा मारली. मग मी पदराखालची घंटा काढली आणि वाजवली.

आतून गाय हंबरली.

भजन थांबलं. चुलीपाशी बसलेल्या बायका उभ्या राहिल्या. मी पुन्हा घंटा वाजवली आणि ती पुन्हा हंबरली, लांबून, घोगऱ्या आवाजात. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळा गाव वडाखाली गोळा झाला.

"माझी चूक," पुष्कर म्हणाला. "कपिला उठाक नाय, तिका मी मागे ठेवलंय. बाबांका कळला म्हणून ते गेले. दोन दिवस तेंका औषध नाय. गावान काय ती शिक्षा देवची. पण माका आत जावंक होया."

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळे धोंडूतात्यांकडे बघत होते. ते आणि गुरुदादा एका बाकावर शिकलेले.

"जा म्हणून माझ्या तोंडातून येवचा नाय," ते शेवटी म्हणाले. "कौल सकाळी. तेच्या आधी सांगणारो मी कोण?"

मग ते गावाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या शेजारचा वळला. मग त्याच्या शेजारचा. बायका वळल्या, पोरांची डोकी धरून त्यांनाही वळवलं. बघता बघता अख्खा गाव नदीकडे तोंड करून उभा राहिला. ज्याने पाहिलंच नाही, तो सकाळी देवाला काय सांगणार?

पुष्करने दगडाशी चपला काढल्या, रियाकडून पिशवी घेतली आणि वेशीच्या आत गेला. मीही वळले. मी या गावची आहे.

६

पाठ करून ऐकणं फार वाईट. कडी वाजली. दार करकरलं. पुष्कर "बाबा" म्हणाला आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. रियाची बोटं माझ्या दंडात रुतली होती. वळून बघितलं असतं तर कोण काय करणार होतं? पण एकही मान वळली नाही, माझीही नाही.

मग पावलं आली. एकाच माणसाची, सावकाश, जड. एवढ्या वर्षांच्या सवयीने डोक्याने लगेच सांगितलं की त्याने पाठीवर काहीतरी उचललं आहे. जिवंत की कसं, ते पावलांवरून कळत नाही.

"ऋता," गुरुदादाचा आवाज आला, अगदी बारीक. "घंटा तुझ्याकडे आसा मा गो?"

तेव्हा सगळे वळले. पुष्करच्या पाठीवर तो पोत्यासारखा पडला होता. पाय रक्ताळलेले, ओठ सुकलेले. पुष्करने आत त्याला सुई दिली होती. आम्ही त्याला घोंगडीवर निजवलं, पाणी पाजलं. विनीत जीप वळवून म्हणाला, लगेच दवाखान्यात चला. गुरुदादाने त्याच्या हाताला धरलं.

"तिका उचलूक चार माणसां होयी," तो तात्यांना म्हणाला. "तिच्यान मान उचलवणा नाय आता. धोंडू, चारच माणसां."

धोंडूतात्या त्याच्या उशाशी बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माणसासाठी पाठ फिरवलंय रे. ढोरासाठी अख्खो गाव आत कसो सोडू? देवाक काय सांगू? सकाळ होवंदे. सकाळी आमी सगळे जावया."

गुरुदादा भांडला नाही. तो कधीच भांडत नाही. "नवस बोललंय," एवढंच म्हणाला. "तिका उभी करीन, मगच पायात घालीन." मग त्याने हात पुढे केला. मी घंटा दिली.

त्याने ती वाजवली. आतून कपिला हंबरली. जरा थांबून त्याने पुन्हा वाजवली. पुन्हा हंबरली, पण नुसता श्वास सोडल्यासारखी. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा उत्तर आलं नाही.

तो वाजवत राहिला. त्याला थांब असं आमच्यातलं कुणीही म्हणालं नाही.

सकाळी देवाने कौल दिला. ढोल वाजवत गाव घरी गेलं. गावाने आम्हाला शिक्षा दिली नाही. उलट गोठ्यामागे खड्डा खणायला सगळी वाडी आली, धोंडूतात्यांनी स्वतः फावडं धरलं. गुरुदादा चार दिवस दवाखान्यात राहून बरा झाला. पुष्करने आंबोलीहून त्याच्या चपला आणून ओटीवर ठेवल्या आहेत. रिया रोज त्यांच्यावरची धूळ पुसते. तो त्यांच्या शेजारून अनवाणीच अंगणात उतरतो.